कॅसेटपासून एमपी३पर्यंत: आपल्या प्रोग्रॅममध्ये लेम लायब्ररी कशी वापरावी

सदाशिव पेठेतील एका जुन्या ग्रंथालयाच्या माळ्यावर व्याख्यानांच्या आणि गाण्याच्या बैठकींच्या कॅसेटी खोक्यांत भरून ठेवलेल्या होत्या. त्या संगणकात घेऊन सभासदांना ऐकता येतील अशा फाइलींत आणण्याचे काम आम्हां दोघा-तिघांकडे आले. कॅसेट डेकमधून ध्वनी उतरवून घेण्याचे काम तयार सॉफ्टवेअरने होत होते. परंतु प्रत्येक बाजूचे भाग पाडणे, वक्त्याचे नाव व विषय फाइलीत लिहिणे आणि शेवटी एमपी३ तयार करणे हे सर्व एकाच प्रवाहात व्हावे, म्हणून सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहावा लागला. त्यात आम्ही लेम ही एन्कोडिंग लायब्ररी, म्हणजे ध्वनी आकसून एमपी३ करणारा तयार कोड, वापरली. ग्रंथालयासाठी लायब्ररी, असा विनोद त्या काळात रोज कोणीतरी करीत असे.

हा लेख त्या कामातून हाती आलेल्या पद्धतीचा आहे. प्रत्यक्ष एन्कोडिंगचे फंक्शन एकच आहे आणि ते सहसा चुकत नाही. चुका होतात त्या ध्वनी आत देताना आणि फाइल बंद करताना, आणि त्यांतील बहुतेक चुकांबद्दल लायब्ररी अवाक्षर काढत नाही. फाइल तयार होते, वाजतेही, आणि दोष दोन महिन्यांनी एखाद्या श्रोत्याला सापडतो. म्हणून पुढे त्या दोन टोकांवर अधिक लिहिले आहे आणि मधल्या भागावरून लवकर पुढे गेलो आहे. फंक्शनांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. त्यांचे मूळ स्पेलिंग लायब्ररीच्या हेडर फाइलीत सापडेल.

आधी एक सल्ला. एका फोल्डरमधील फाइली एकदाच रूपांतरित करायच्या असतील, तर प्रोग्रॅम लिहू नये. लेमचा किंवा एफएफएमपेगचा कमांड लाइन प्रोग्रॅम ते काम उत्तम करतो. लायब्ररी थेट जोडण्याचे कष्ट तेव्हाच घ्यावेत, जेव्हा ध्वनी आपल्याच प्रोग्रॅममध्ये तयार होत असतो किंवा त्यावर आधी काही प्रक्रिया करायची असते.

लेमच का?

लेमची सुरुवात १९९८मध्ये माइक चेंग यांनी केली. आरंभीच्या काळात तो आयएसओ या मानक संस्थेच्या नमुना एन्कोडरवरील दुरुस्त्यांचा संच होता. ‘लेम हा एमपी३ एन्कोडर नव्हे’ असे नावातच सांगितलेले होते, आणि तेव्हा ते खरेही होते, कारण त्या दुरुस्त्या एकट्याने चालत नसत. मे २०००पर्यंत मूळ आयएसओ कोडचा शेवटचा अंशही बदलला गेला आणि लेम स्वतंत्र एन्कोडर झाला. नाव मात्र तेच राहिले. ३.१०० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१७मध्ये आली. परवाना एलजीपीएल हा मुक्त स्रोताचा आहे, त्यामुळे लायब्ररी डायनॅमिक पद्धतीने जोडल्यास आपला प्रोग्रॅम बंद स्रोताचा असला तरी अडचण येत नाही. स्टॅटिक पद्धतीने जोडायची असल्यास वापरकर्त्याला लायब्ररी बदलून पुन्हा जोडता येईल अशी सोय करावी लागते. एमपी३च्या पेटंटांचा परवाना कार्यक्रम फ्राउनहोफर संस्थेने २३ एप्रिल २०१७ रोजी संपवला, त्यामुळे ती जुनी धास्ती आता उरलेली नाही.

केवळ तांत्रिक गुणवत्तेने निवड करायची असती, तर व्याख्यानांसाठी मी ओपस निवडला असता. २०१२मध्ये प्रमाणित झालेला हा कोडेक बोलण्याचा आवाज फार कमी बिटरेटमध्ये सुस्पष्ट ठेवतो आणि त्याचा परवानाही अधिक मोकळा आहे. परंतु आमचे श्रोते पेन ड्राइव्ह लावून ऐकणारे होते: गाडीतला प्लेअर, देवघरातला छोटा स्पीकर, दहा वर्षे जुना फोन. तेथे एमपी३ नक्की वाजते, ओपसची खात्री देता येत नाही.

मूळ प्रत मात्र एमपी३मध्ये ठेवू नये. एमपी३ करताना जे टाकले जाते ते परत मिळत नाही, आणि कॅसेट पुन्हा वाजवण्याची संधी दरवर्षी कमी होत जाते. आम्ही मूळ प्रती फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न टाकता आकसणाऱ्या स्वरूपात, ठेवल्या आणि एमपी३ केवळ वाटपासाठी केल्या. आकाराचा अंदाज असा: ४४१०० सॅम्पलरेटचा (सेकंदाला ध्वनीचे इतके नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतलेला), १६ बिटांचा स्टीरिओ ध्वनी सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ९५३ मेगाबाइट. तीच कॅसेट ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ हजार बिटांच्या) मोनो एमपी३मध्ये ४३ मेगाबाइटांत मावते.

जोडणी

उबुंटू किंवा डेबियनवर लिबएमपी३लेम-डेव्ह हे पॅकेज बसवावे. हेडर फाइल लेम नावाच्या फोल्डरात लेम डॉट एच या नावाने येते आणि लिंकरला एमपी३लेम हे नाव द्यावे लागते. ध्वनिफाइल वाचण्यासाठी सोबत लिबसाउंडफाइलही बसवून घ्यावी. वेव्ह फाइलचे हेडर नेहमी ४४ बाइटांचे असते असे समजून तेवढे बाइट सोडून पुढे वाचणारा कोड अनेक ठिकाणी दिसतो. तो धोक्याचा आहे, कारण काही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर मध्ये माहितीचे जादा तुकडे घालतात, आणि मग ते तुकडेही ध्वनी समजून एन्कोड होतात व फाइलीच्या आरंभी ‘टक्’ असा आवाज येतो.

ध्वनी आत देताना

लेम_इनिट हे फंक्शन एक हँडल परत देते. पुढचे प्रत्येक काम त्याच हँडलवर होते. ते रिकामे परत आले तर मेमरी मिळाली नाही असे समजून तेथेच थांबावे. त्यानंतर लेम_सेट_नम_चॅनल्स व लेम_सेट_इन_सॅम्पलरेट ही दोन फंक्शने बोलवावीत, आणि त्यांत ठोकळ आकडे न लिहिता लिबसाउंडफाइलने फाइलीतून वाचलेले आकडेच द्यावेत. ही दोन्ही विसरली तरी लेम तक्रार करीत नाही, ती आपली दोन चॅनल आणि ४४१०० धरून चालते. आमच्या पहिल्या खेपेत काही कॅसेटी ४८०००वर उतरवल्या होत्या आणि कोडमध्ये सॅम्पलरेट लिहायचे माझ्याकडून राहून गेले. साठ मिनिटांची बैठक पासष्ट मिनिटे अठरा सेकंदांची झाली, आणि काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी एकच्याही खाली उतरला. व्याख्यानांत हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. वक्ता जरा संथ बोलतो आहे, एवढेच वाटत होते. तंबोरा लागला तेव्हा चूक उघडी पडली.

दुसरा मोठा सापळा आकड्यांच्या प्रकाराचा आहे. १६ बिटांची सॅम्पल असतील तर लेम_एन्कोड_बफर हे साधे फंक्शन वापरावे. फ्लोट सॅम्पल असतील तर लेममध्ये दिसायला सारखी दोन फंक्शने आहेत: लेम_एन्कोड_बफर_फ्लोट आणि लेम_एन्कोड_बफर_आयट्रिपलई_फ्लोट. पहिल्याला फ्लोट असूनही उणे ३२७६८ ते अधिक ३२७६८ या पट्ट्यातले आकडे हवे असतात, दुसऱ्याला उणे एक ते अधिक एक. लिबसाउंडफाइल फ्लोट वाचताना उणे एक ते अधिक एक असेच आकडे देते, म्हणून तिच्यासोबत दुसरेच फंक्शन जुळते. पहिले वापरले तर व्यवस्थित लांबीची, व्यवस्थित वाजणारी आणि संपूर्ण शांत फाइल मिळते. अशी शांत फाइल हातात आली की कानाला दोष न देता प्रथम फंक्शनचे नाव तपासावे.

तिसरी गोष्ट मोजणीची. स्टीरिओ फाइलीत डाव्या व उजव्या चॅनलची सॅम्पल एकाआड एक येतात आणि त्यांच्यासाठी लेम_एन्कोड_बफर_इंटरलीव्ह्ड हे फंक्शन आहे. त्याला द्यायची संख्या एका चॅनलमधील सॅम्पलांची असते, दोन्हींची बेरीज नव्हे. बेरीज दिली तर लायब्ररी बफरच्या पलीकडची मेमरी वाचते आणि मग प्रोग्रॅम कोसळतो किंवा, त्याहून वाईट, कोसळत नाही. लिबसाउंडफाइलची ज्यांच्या नावात ‘रीडएफ’ आहे ती फंक्शने हीच मोजणी वापरतात, म्हणून त्यांनी परत दिलेला आकडा तसाच पुढे द्यावा. मोनोसाठी इंटरलीव्ह्ड फंक्शनच्या वाटेला जाऊ नये. साध्या फंक्शनला डावा व उजवा म्हणून एकच बफर द्यावा.

व्याख्यानांच्या कॅसेटींबद्दल एक बारकावा येथे सांगणे आवश्यक आहे. मूळ ध्वनिमुद्रण मोनो असले तरी स्टीरिओ डेकवरून ते दोन चॅनलांत येते, आणि डेकचे हेड किंचित तिरके असल्यास त्या दोन चॅनलांत सूक्ष्म अंतर पडते. दोन्हींची सरासरी काढून मोनो केल्यास वरच्या पट्टीतील काही भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि वक्ता पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा दोन्ही ऐकून जो चॅनल स्वच्छ असेल तोच घ्यावा आणि दुसरा सोडून द्यावा.

बिटरेट व गुणवत्ता

यावर वाद पुष्कळ होतात, निर्णय मात्र सोपा आहे. व्याख्यानासाठी मोनो, स्थिर ६४ केबीपीएस: लेम_सेट_मोडला मोनो आणि लेम_सेट_बीरेटला ६४. गाण्यासाठी जॉइंट स्टीरिओ आणि बदलता बिटरेट: लेम_सेट_व्हीबीआरला लायब्ररीतील डिफॉल्ट पद्धत आणि लेम_सेट_व्हीबीआर_क्यूला २. हा दुसरा आकडा जितका लहान तितकी गुणवत्ता अधिक. २ला सरासरी सुमारे १९० केबीपीएस पडते. लेम_सेट_क्वालिटी हे वेगळे आहे: ते एन्कोडरने किती खोलात जाऊन हिशेब करावा ते ठरवते. तेथेही २ द्यावे. ७ दिल्यास काम झपाट्याने होते, पण आजच्या संगणकावर ती घाई कशासाठी करायची?

गाण्याच्या कॅसेटींना अधिक बिट का द्यावे लागतात, हे तबला ऐकल्यावर समजते. एमपी३ ध्वनीचे ठरावीक लांबीचे तुकडे करते. एका फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल, म्हणजे ४४१००वर सुमारे २६ मिलिसेकंद. शांततेनंतर तबल्यावर एकदम ‘ना’ वाजला, की त्या तुकड्यातील एन्कोडिंगची त्रुटी संपूर्ण तुकड्यावर पसरते आणि थापेच्या आधीच एक पुसट खरखर ऐकू येते. एन्कोडर अशा जागी लहान तुकड्यांकडे वळतो, पण त्याला त्यासाठी बिट शिल्लक लागतात. टेपची सळसळही असेच बिट खाते, कारण तिच्यात काही पुनरावृत्ती नसते आणि एन्कोडरला ती संगीताइतकीच महत्त्वाची वाटते. म्हणून जुन्या कॅसेटीला नव्या ध्वनिमुद्रणापेक्षा कमी बिट पुरतील, हा अंदाज अनेकदा चुकतो.

सर्व मूल्ये ठरल्यावर लेम_इनिट_पॅराम्स बोलवावे आणि त्याचे उत्तर तपासावे. उत्तर ऋण आले तर मूल्यांचा मेळ बसलेला नाही. यानंतर मूल्ये बदलू नयेत. बिटरेट फार कमी दिल्यास लेम बाहेरचा सॅम्पलरेट स्वतःच उतरवते. ते नको असेल तर लेम_सेट_आउट_सॅम्पलरेट आधीच स्पष्ट द्यावे.

मुख्य फेरा

येथे लिहिण्यासारखे थोडेच आहे. एका वेळी एका चॅनलची ८१९२ सॅम्पल वाचावीत, एन्कोड करावीत आणि जितके बाइट परत आले तितके फाइलीत लिहावेत. बाहेरच्या बफरचा आकार सॅम्पलसंख्येच्या सव्वापट अधिक ७२०० इतका ठेवावा, म्हणजे येथे १७४४० बाइट. परत येणारी संख्या शून्य असू शकते. पहिल्या काही फेऱ्यांत लायब्ररी सॅम्पल साठवून ठेवते आणि एक फ्रेम पूर्ण झाल्यावरच बाइट देते. शून्याला फाइल संपल्याची खूण समजणारा कोड मी पाहिला आहे. ऋण संख्या मात्र दोष दाखवते: उणे एक म्हणजे बफर लहान पडला, उणे दोन म्हणजे मेमरी मिळाली नाही, उणे तीन म्हणजे लेम_इनिट_पॅराम्स बोलवलेच नाही.

एकाच वेळी अनेक कॅसेटी एन्कोड करायच्या असतील तर प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र हँडल द्यावे. एकच हँडल दोन थ्रेडांत वाटून घेऊ नये.

फाइल बंद करताना

इनपुट संपले तरी लायब्ररीच्या पोटात काही सॅम्पल शिल्लक असतात. लेम_एन्कोड_फ्लश बोलवल्यावर ती उरलेली सॅम्पल शून्यांनी पूर्ण करून बाहेर येतात. या फंक्शनला किमान ७२०० बाइटांचा बफर द्यावा आणि परत आलेले बाइट फाइलीत लिहावेत. हे राहिले तर जाते ते सेकंदाच्या अंशाइतकेच, पण व्याख्यानाच्या अखेरीस ‘धन्यवाद’मधला ‘द’ जातो आणि ऐकणाऱ्याला टेप तुटल्यासारखे वाटते. एखादा लांब राग अनेक फाइलींत तोडून सलग वाजवायचा असेल, तर शून्ये न भरणारे लेम_एन्कोड_फ्लश_नोगॅप हे फंक्शन पाहावे.

फ्लशनंतर आणि लेम_क्लोजच्या आधी लेम_एमपी३_टॅग्ज_एफआयडी बोलवावे. आरंभीच लेमने एक रिकामी फ्रेम जागा राखण्यासाठी लिहिलेली असते; हे फंक्शन मागे जाऊन त्या फ्रेममध्ये एकूण लांबी, मध्येच उडी मारण्यासाठीचा तक्ता आणि आरंभी-अखेरीस जोडलेल्या शांततेचा हिशेब भरते. यासाठी फाइल लिहिण्याबरोबर वाचण्यासाठीही उघडलेली असावी लागते. केवळ लिहिण्यासाठी उघडली असेल तर हा हिशेब, म्हणजेच लेमचा टॅग, भरला जात नाही, आणि बदलत्या बिटरेटच्या फाइलीची लांबी प्लेअर अंदाजाने दाखवू लागतो: पाऊण तासाची बैठक कधी तासाची दिसते, कधी अर्ध्या तासाची. ध्वनी थेट नेटवर्कवर पाठवायचा असेल तर मागे जाणे शक्यच नसते. तेथे लेम_सेट_बीराइटव्हीबीआरटॅगला शून्य देऊन ती जागाच राखू नये.

नावे देवनागरीत

वक्त्याचे नाव व विषय फाइलीत लिहिण्यासाठी लेममध्ये आयडी३टॅग_सेट_टायटल यांसारखी सोपी फंक्शने आहेत, आणि मराठी माणसाने ती वापरू नयेत. ती लॅटिन-१ लिपिसंच धरून चालतात. त्यांना यूटीएफ-८मधील देवनागरी दिली की प्लेअरवर चिन्हांचा चिवडा दिसतो. त्याऐवजी आयडी३टॅग_सेट_टेक्स्टइन्फो_यूटीएफ१६ वापरावे. त्याला टॅगचे चार अक्षरी नाव द्यावे लागते: शीर्षकासाठी टीआयटी२, वक्त्यासाठी किंवा गायकासाठी टीपीई१, संग्रहासाठी टीएएलबी. मजकूर १६ बिटांच्या आकड्यांच्या रांगेत द्यायचा, अखेरीस शून्य ठेवायचे, आणि रांगेच्या आरंभी बाइट-क्रमाची खूण असलीच पाहिजे. ती नसेल तर फंक्शन दोष परत देते. हे उत्तर न तपासल्यास फाइल बिननावाची राहते. सर्व टॅग लेम_इनिट_पॅराम्सच्या आधी द्यावेत, कारण ते फाइलीच्या अगदी आरंभी लिहिले जातात.

तपासणी

तयार झालेली फाइल लेमनेच उलटी करून तपासण्यात अर्थ थोडा. एमपीजी१२३ किंवा एफएफएमपेग यांसारख्या वेगळ्या डिकोडरने ती पुन्हा वेव्हमध्ये आणावी आणि सॅम्पलांची संख्या मूळ फाइलीशी ताडून पाहावी. लेमचा आरंभीच्या फ्रेममधला टॅग वाचणारा डिकोडर असेल तर संख्या तंतोतंत जुळते. टॅग न वाचणाऱ्या डिकोडरमध्ये ध्वनी ११०५ सॅम्पलांनी, म्हणजे २५ मिलिसेकंदांनी, पुढे सरकलेला दिसतो: ५७६ एन्कोडरची आणि ५२९ डिकोडरची. हा दोष नव्हे. दोन्ही ध्वनी एकमेकांतून वजा करून पाहण्याचा मोह टाळावा. जे उरते ते काढून टाकण्यासाठीच तर एमपी३ आहे.

कोडची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम विचित्र लांबीच्या फाइली कराव्यात: शून्य सॅम्पलची, एका सॅम्पलची, ११५१, ११५२ आणि ११५३ सॅम्पलांची. फ्लश विसरला असेल किंवा अखेरची अर्धवट वाचणी नीट हाताळली नसेल, तर दोष येथेच दिसतो. त्यांच्या जोडीला एक मोनो फाइल, एक ४८०००ची आणि एक फ्लोट सॅम्पलांची ठेवावी. गणेशोत्सवात मुद्रित केलेले ढोल-ताशाचे पथकही या संचात असावे. अशा ध्वनीची पातळी आधीच कमाल मर्यादेला टेकलेली असते, आणि एन्कोड-डिकोड केल्यावर काही शिखरे त्या मर्यादेच्याही वर जाऊन तुटतात. तसे झाल्यास लेम_सेट_स्केलने पातळी थोडी उतरवावी, ०.९ दिले तरी बहुधा भागते.

शेवटी प्रत्येक फाइलीचे पहिले आणि अखेरचे दहा सेकंद हेडफोन लावून ऐकावेत. लक्ष्मी रोडवरच्या रहदारीत स्पीकरवर ऐकून काहीच कळत नाही. आम्ही हे काम सकाळी सहाला, ग्रंथालयाचे दार लावून करीत असू.